बॅटरीवरची गोल करवत : वापर आणि पात्याची निगा

गणपतीच्या मखरासाठी प्लायवूड कापायला आता काही घरांत बॅटरीवरची गोल करवत आली आहे. वायरच्या यंत्राचा प्लग काढला की काम संपले. हिला प्लगच नाही. बॅटरी बसलेली असेतो करवत चालूच समजावी. पाते बदलताना, साफ करताना, बॅटरी आधी बाहेर.

मोठा धोका उसळीचा. दोन टोकांना टेकू देऊन फळी मधोमध कापली की ती खचते, चीर मिटते, पाते आवळले जाते आणि करवत कापणाऱ्याकडे झेपावते. टेकू चिरेजवळ द्यावा, सुटणारा तुकडा मोकळा पडू द्यावा आणि पात्याच्या रेषेत उभे राहू नये. पाते फळीखाली ५-६ मिमीच डोकवावे. खालचे झाकण पाचर मारून उघडे ठेवण्याची काहींना खोड असते. बोटे जातात ती यानेच. डोळ्यांना चष्मा हवा, सैल बाह्या नकोत.

पाते खालून वर कापते, म्हणून प्लायवूडची चांगली बाजू खाली ठेवावी.

आपल्याकडच्या सागवानात सिलिका असते, तिने दात लवकर बोथट होतात. पण करवत जड चालली म्हणजे धार गेलीच असे नाही. पुष्कळदा राळ आणि प्लायवूडचा गोंद चिकटलेला असतो. पाते काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावे, जुन्या टूथब्रशने घासावे, लगेच पुसून तेलाचा हात द्यावा. कार्बाइडची टोके ठिसूळ असतात; पाते फरशीवर आपटू नये. दात तुटलेले पाते सरळ भंगारात द्यावे.

बॅटरी मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवू नये.