बोळक्या तोंडाचा इतिहास

कृत्रिम दातांचा इतिहास लिहिणारे बहुधा तो पदार्थांच्या क्रमाने लिहितात: पाणघोड्याचा दात, चिनी माती, रबर, अ‍ॅक्रिलिक. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती, ही त्यातली लाडकी दंतकथा (शब्द इथे चपखल बसतो). प्रत्यक्षात तिच्यात हस्तिदंत होते आणि माणसांचे दातही. 1815 नंतर तर वॉटर्लूच्या मृत सैनिकांचे दात विलायतेत श्रीमंतांच्या तोंडी गेले. तिरोड्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावात बसून हे वाचताना मला प्रश्न पडतो तो एकच: कवळी गरिबाच्या तोंडापर्यंत कधी आली?

तिचा रस्ता रबराने उघडला. त्याआधी टाळूवरचा पत्रा सोन्याचा असे. गुडइयरने 1844 मध्ये रबर पक्के करण्याचे पेटंट घेतले, पुढे कडक रबर आले आणि तोंडाच्या साच्यावर हुबेहूब बसणारी स्वस्त कवळी शक्य झाली. पण पेटंट हाती असलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवाना शुल्क उकळी, न देणाऱ्याला कोर्टात खेची. तिचा खजिनदार जोसाया बेकन याला 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅल्फंट या दंतवैद्याने गोळी घालून मारले. दातांपायी खून! दोन वर्षांनी पेटंट संपले. 1930 च्या दशकाअखेर गुलाबी अ‍ॅक्रिलिक आले आणि रबर मागे पडले.

आपल्याकडे डॉ. आर. अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्यात दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर 1933 चे, नागपूरचे शासकीय महाविद्यालय थेट 1968 चे. दरम्यान हे काम कारागिरांचे होते. मोठ्या शहरांत चिनी दंतवैद्यांचेही. 1948 च्या कायद्याने नोंदणी आली, तरी बाजारातला ‘फिक्स दात’वाला संपला नाही. तो अ‍ॅक्रिलिक शेजारच्या दातांना चिकटवून देतो. एका बैठकीत काम होते. खाली अन्न कुजते, धड दातही जातात.

त्याच्याकडे लोक का जातात, हे मला समजते. पूर्ण कवळीला माप, चाव्याची नोंद, मेणावरची चाचणी, बसवणे आणि मग टोचते तिथे घासणे अशा चार-पाच खेपा लागतात. नागपूर रेल्वेने शंभरेक किलोमीटर. रोवणीच्या दिवसांत इतक्या मजुऱ्या कोण बुडवील? शिवाय भात दाताविना गिळता येतो, म्हणून ‘पुढे पाहू’ होते. तोवर दात गेलेल्या जागचे हाड झिजत राहते, खालच्या जबड्याचे जास्तच, आणि उशिरा केलेली खालची कवळी जिभेच्या धक्क्याने हलते. सेवाग्रामचे गांधीजीही कवळी वापरत, पण छायाचित्रांत हसतात ते बोळकेच.

1965 मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचा खिळा रुजवला. तो खर्च इथल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

इथला नवा अडसर खर्रा. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, पण सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घासणे थांबले नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठरते, तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही आणि माप घेण्याचा ट्रे आतच जात नाही. अशा रुग्णांसाठी दंतवैद्य कवळी दोन तुकड्यांत बनवतात; एकेक तुकडा आत सरकवून तोंडातच जोडायचा.