रेघेला वजन कसं आलं?

जमिनीवर आपटून उसळणारा एक चेंडू डोळ्यांसमोर आणा. तो कागदावर काढायचा, दर चित्रात थोडा पुढे सरकवायचा आणि ती चित्रं सेकंदाला २४ या वेगानं पडद्यावर दाखवायची. चेंडू हलेल खरा, पण निर्जीव वाटेल. आता टेकताक्षणी तो किंचित चपटा काढा, उसळताना किंचित लांबट. लगेच तो रबराचा होतो, त्याला वजन येतं. दबणं आणि ताणणं हे अॅनिमेशनच्या बारा तत्त्वांपैकी पहिलं.

ही तत्त्वं १९३०च्या दशकात वॉल्ट डिस्ने यांच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत कामातून घडत गेली. तोवरच्या कार्टूनमधल्या पात्रांचे हातपाय रबरी नळीसारखे वळत. लोक पोट धरून हसत, पण त्या पात्रांची काळजी कुणाला वाटत नसे. डिस्ने यांना तर पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा होता. नुसत्या गमतीजमतींवर प्रेक्षक इतका वेळ बसणार कसा? रेघांनी काढलेल्या मुलीसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी येईल का? प्रश्न हा होता.

म्हणून १९३२मध्ये डॉन ग्रॅहम या कलाशिक्षकांचे वर्ग स्टुडिओतच सुरू झाले. कार्टून काढणारे चित्रकार जिवंत माणसं समोर ठेवून रेखाटनं करू लागले, हालचाली निरखू लागले. माणूस उडी मारण्याआधी खाली वाकतो. ही पूर्वतयारी दाखवली नाही तर उडी पटत नाही. हात सरळ रेषेत नाही, कमानीत फिरतो. धावणारा थांबला तरी त्याचे केस, कपडे क्षणभर पुढे जातात. बहुतेक हालचाली सावकाश सुरू होतात आणि सावकाश थांबतात. आपण रोज पाहतो तेच हे, पण पाहणं आणि ध्यानात येणं यांत अंतर असतं.

१९३३च्या 'थ्री लिटल पिग्ज'मधली तिन्ही डुकरं दिसायला जवळपास सारखी, पण प्रत्येकाचं वागणं वेगळं. १९३४मध्ये नॉर्मन फर्ग्युसन यांनी माश्यांच्या चिकट कागदात अडकलेला प्लूटो कुत्रा रंगवला. तो थांबतो, विचार करतो, मग धडपडतो. हालचालीच्या मागे मन दिसू लागलं.

'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' पडद्यावर आला तो २१ डिसेंबर १९३७ रोजी. चित्रपट तयार होत असताना 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणून त्याची टर उडवली गेली होती. पण निपचित पडलेल्या स्नो व्हाइटभोवती बुटके रडू लागले, तेव्हा प्रेक्षकही रडले. त्या प्रसंगात बुटके फारसे हलतच नाहीत. हालचालीचा इतका अभ्यास केल्यावरच स्तब्धतेची ताकद कळली असावी.

ही विद्या मुंबईतही आली. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६मध्ये फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९५७मध्ये जातककथेवरचा 'द बनियन डिअर' हा लघुपट निघाला.

बारा तत्त्वं पुस्तकात एकत्र मांडली गेली ती १९८१मध्ये. लेखक होते फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन. ते रडणारे बुटके पडद्यावर आणले होते याच थॉमस यांनी. आज पेन्सिलीची जागा बरीचशी संगणकानं घेतली आहे. तरीही चेंडू कुठे आणि किती दाबायचा, बुटक्याला कधी स्तब्ध ठेवायचं, हे निरखणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.