गिरगावातील भुयारी स्थानक

आम्हा लाटंबार्सेकरांना, किंबहुना डिचोली-पेडण्यातील बहुतेक जुन्या घराण्यांना, गिरगाव परके नाही. पोर्तुगीज अमदानीत विद्येसाठी आणि पोटापाण्यासाठी मुंबई गाठलेल्या कित्येक गोमंतकीयांनी तेथील चाळींत बिऱ्हाडे थाटली. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी गिरगावचे मेट्रो स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले, तेव्हा त्याची घडण समजून घेण्याची उत्सुकता आम्हांस वाटली ती यामुळेच.

आरे ते कफ परेड हा मार्ग ३३.५ किलोमीटरचा, २७ स्थानके, त्यांतील २६ भुयारी. पुष्कळ ठिकाणी रस्ता वरून खणून, स्थानक बांधून तो पुन्हा झाकता आला. जगन्नाथ शंकरशेट मार्गावर मात्र दुतर्फा जुन्या इमारती, मध्ये अरुंद रस्ता. सबंध स्थानक वरून खणले असते तर वस्तीच उठली असती. (ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते नाना १८५३ साली धावलेल्या पहिल्या आगगाडीच्या कंपनीचे एक संचालक. त्यांचे नाव मेट्रोने गिरगावऐवजी मुंबई सेंट्रलच्या स्थानकास द्यावे, हे आम्हांस जरा चमत्कारिक वाटते.) म्हणून मोजक्या जागेत खोल विवर उतरवून उरलेला भाग जमिनीखाली आडवा कोरला गेला. या रीतीला नव-ऑस्ट्रियन पद्धत म्हणतात. खडक थोडा कापावा, लगेच त्यावर काँक्रीट फवारावे, पोलादी सळ्यांनी तो जखडावा आणि तो किती हलतो हे मोजूनच पुढे सरकावे. भूमी दगा देते म्हणजे काय, हे पेडणेकरांना सांगायला नको. कोकण रेल्वेच्या तेथील बोगद्यात मऊ मातीने वारंवार काम अडवले, बळीही घेतले. मार्ग १९९८ साली पूर्ण झाला, तरी जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी उसळून गाड्या खोळंबल्या.

इतकी काळजी घेऊनही सगळी घरे वाचली नाहीत. गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी काही इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी विरोध केला, पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरले. पण तोवर पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार अन्यत्र हलवावे लागले. तिळारी धरणाचे विस्थापित शेजारी पाहिलेल्या आम्हांस, पुनर्वसन या शब्दात किती वर्षे मावतात हे ठाऊक आहे.

थिवीहून कोकणकन्येने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलेल्या आमच्या माणसाला आता काळबादेवीनंतरचे स्थानक गिरगाव. नातलगांचा पत्ता मात्र त्याने निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावा.