जालन्याच्या मुरमाड जमिनीची खते

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, गोदावरीकाठी, काळी भारी जमीन आहे. माळांवर आणि टेकड्यांच्या उतारावर मात्र बेसॉल्ट झिजून तयार झालेली उथळ, मुरमाड जमीन दिसते. ती वाळूची नसली तरी दुखणे वाळूचेच: पाणी झरझर खाली उतरते, त्याबरोबर अन्नांशही जातो आणि पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की पीक माना टाकते. अशा जमिनीला शेणखत, लेंडीखत आणि गाळ घालण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

तिचा पहिला आधार गोठा. शेण, गोमूत्राने भिजलेला पालापाचोळा आणि कडब्याची उष्टावळ वर्षभर उकिरड्यात कुजे आणि उन्हाळ्यात बैलगाडीने शेतात जाई. दुसरा आधार धनगरांचा. रब्बीची पिके निघाली की शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेत आणि मोबदला धान्यात देत. कळप रोज रात्री नव्या तुकड्यात बसे, त्यामुळे लेंड्या आणि मूत सगळ्या रानात पडे. ऊन लागण्याआधी कुळवाची पाळी दिली तरच त्यातला नत्र जमिनीत राहतो, नाहीतर बराचसा हवेत उडून जातो.

1964 साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. धान्य वाढले, पण संकरित ज्वारीची ताटे बुटकी, त्यामुळे कडबा कमी. पुढे 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातील जनावरांची मोठी हानी झाली. नंतर ट्रॅक्टर आला, बैल घटले आणि उकिरडेही आटले. रासायनिक खताने पिकाची भूक भागली. पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय अंश त्यातून मिळाला नाही. उष्ण हवेत हा अंश भराभर जळतो, म्हणून एकदा खत घालून भागत नाही.

थोड्या शेणात जास्त खत करण्याचे प्रयत्न जालन्याबाहेर झाले. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला बसवलेली कंपोस्टची पद्धत 1931 मध्ये पुस्तकरूपाने आली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ टाकी महाराष्ट्राच्या अधिक कामी आली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच आणि भिंतींना हवेसाठी भोके असलेल्या या टाकीत काडीकचरा, माती आणि थोडे शेण यांचे साधारण चार महिन्यांत खत होते.

गाळाचा मार्ग जालन्याने स्वतः पुन्हा उघडला. निजामकाळातील घाणेवाडी तलाव जालना शहराची तहान भागवी. त्यात साचलेला गाळ लोकवर्गणीतून उपसला गेला आणि शेतकऱ्यांनी तो माळरानावर नेला. 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना झाली. उन्हाळ्यात टाकलेली गाळाची ढेकळे पहिल्या पावसात फुटतात, मग कुळवाने गाळ मुरमात मिसळतात. त्यातील चिकणमातीमुळे ओल टिकते. पण गाळ म्हणजे मुख्यतः माती. सेंद्रिय अंश त्यात थोडाच. नुसत्या गाळावर विसंबणे चुकीचे. सोबत शेणखत किंवा कंपोस्ट द्यावेच लागते, आणि ते दर एक-दोन वर्षांनी.