सर्व्हर एक, संगणक वीस : नेटवर्क बूटचा एकखांबी तंबू

सीताबर्डी ही नागपूरची मध्यवर्ती बाजारपेठ. व्हरायटी चौकाच्या आसपासच्या आणि मोदी नंबरांच्या गल्ल्यांतील दुकानांच्या वरच्या मजल्यांवर शिकवणी वर्ग, संगणक प्रशिक्षण केंद्रे, सायबर कॅफे अशी लहान लहान संगणकदालने थाटली गेली. २००१ मध्ये 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तर राज्यभर अशा केंद्रांचे पेव फुटले. या दालनांच्या चालकांचे एक दुखणे मात्र सर्वत्र सारखेच असते. वीस संगणक म्हणजे वीस हार्ड डिस्क. वीस ठिकाणी प्रणाली बसवायची, वीस ठिकाणचे व्हायरस काढायचे. त्यातच विदर्भातला उन्हाळा आणि धूळ यांमुळे जुन्या हार्ड डिस्क दगा देतात. संगणकांतील हार्ड डिस्क काढून टाकून सर्वांना एकाच सर्व्हरवरून सुरू करणे, हा यावरचा उपाय होय. त्याला 'नेटवर्क बूट' म्हणतात.

कल्पना जुनीच

ही कल्पना नवी नाही. हार्ड डिस्क अतिशय महाग असण्याच्या काळात, म्हणजे १९८० च्या दशकात, सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने डिस्कविरहित वर्कस्टेशन बाजारात आणली होती. भारतातील संगणकशाळांमध्येही नॉव्हेल नेटवेअरच्या सर्व्हरला जोडलेले डिस्कविरहित 'नोड' दिसत. त्यांच्या नेटवर्क कार्डावर 'बूट रॉम' नावाची चिप बसवावी लागे. पुढे इंटेलने 'पीएक्सई' हे मानक तयार केले. त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ ची. त्यानंतर ही सोय बहुतेक मदरबोर्डांत आपोआप येऊ लागली. त्याच वर्षी अमेरिकेत 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट', अर्थात 'एलटीएसपी', हा मुक्त प्रकल्प सुरू झाला. जगभरातील शाळांनी तो स्वीकारला आणि २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला.

बटण दाबल्यावर काय घडते?

हार्ड डिस्क नसलेला संगणक सुरू होताच नेटवर्कवर हाक देतो. त्या क्षणी त्याला स्वतःचा पत्ताही ठाऊक नसतो. 'डीएचसीपी' सेवा त्याला आयपी पत्ता देते. शिवाय कोणत्या सर्व्हरकडून कोणती फाइल घ्यायची, हेही सांगते. ती फाइल 'टीएफटीपी' या साध्या पद्धतीने येते. मूळ टीएफटीपी ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवून पोच मिळेपर्यंत थांबते. त्यामुळे लहान फाइलींपुरतीच ती सोयीची. तिच्यातून लिनक्सचा गाभा आला की पुढचा कारभार 'एनएफएस'सारख्या सेवेकडे जातो. संपूर्ण प्रणाली सर्व्हरवरच्या एकाच प्रतिमेतून वाचली जाते. ही प्रतिमा फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. वापरणाऱ्याने केलेले बदल संगणकाच्या रॅममध्ये राहतात आणि यंत्र बंद होताच पुसले जातात. विद्यार्थ्याचे स्वतःचे काम तेवढे सर्व्हरवरच्या त्याच्या खात्यात जपले जाते.

चालकाचा खरा लाभ येथेच आहे. नवे सॉफ्टवेअर एकदाच बसवायचे. संगणक पुन्हा सुरू केला की तो पहिल्यासारखा स्वच्छ.

वेगाचे गणित

सकाळी वर्ग भरताना वीसही संगणक एकदम सुरू होतात. प्रत्येकाने ३०० मेगाबाइट मागितले, तर सर्व्हरला ६,००० मेगाबाइट पुरवावे लागतात. सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर तिच्यातून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. म्हणजे वर्ग आठ मिनिटे ताटकळतो. जोडणी गिगाबिटची असेल तर हेच काम आदर्श स्थितीत ४८ सेकंदांत उरकते. म्हणूनच महागडा प्रोसेसर घेण्याआधी चांगला गिगाबिट स्विच, उत्तम केबल आणि सर्व्हरमध्ये वेगवान एसएसडी यांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. प्रोग्राम सर्व्हरवर न चालवता समोरच्या संगणकावरच चालवले, तर सर्व्हरच्या रॅमवरील ताणही हलका होतो.

सारा भार एकावर

मात्र हा एकखांबी तंबू आहे, याचे भान हवे. एरवी एक हार्ड डिस्क बिघडली तर एका विद्यार्थ्याचा खोळंबा होतो. येथे सर्व्हर बंद पडला तर परीक्षेला बसलेल्या वीसही जणांचे पडदे एकदम गोठतात. सर्व्हर आणि स्विच या दोहोंना यूपीएस असणे, सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणे, खात्यांची रोज दुसरीकडे प्रत काढणे आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून तपासणे, ही पथ्ये टाळून चालत नाही.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. डीएचसीपीच्या हाकेला जो आधी उत्तर देईल, त्याचे संगणक ऐकतो. कोणी साधा वाय-फाय राउटर त्याच स्विचला जोडला तरी संगणक भलत्याच दिशेला जाऊ शकतात. राउटर पत्ते देणार असेल, तर 'डीएनएसमास्क'सारख्या सॉफ्टवेअरने केवळ बूटची माहिती पुरवण्याची सोय करता येते. टीएफटीपीत ओळख पटवण्याची व्यवस्थाच नाही; त्यामुळे हे नेटवर्क ग्राहकांच्या वाय-फायपासून वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

सायबर कॅफेचालकांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. सायबर कॅफेसंबंधी २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जपाव्या लागतात. संगणकावरचे सारे पुसले जात असल्याने त्या सर्व्हरवर स्वतंत्रपणे साठवल्या पाहिजेत.

जुन्या यंत्रांना नवे आयुष्य

हार्ड डिस्क आता पूर्वीइतक्या महाग राहिलेल्या नाहीत. तरीही या पद्धतीचे प्रयोजन संपलेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक त्यामुळे अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. रॅम पुरेशी असेल तर अशी यंत्रे लिनक्सच्या सर्व्हरवरून आणखी काही वर्षे सुखेनैव चालू शकतात. बेताच्या भांडवलावर चालणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने वीस संगणकांच्या नव्या खरेदीपेक्षा एका सर्व्हरची नीट निगा राखणे केव्हाही परवडणारे आहे. अट एकच : ज्या खांबावर सारा तंबू उभा, त्याच्याकडे रोज लक्ष हवे.