चार डॉलरची पाळी

जून १८९३मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कुणीही चांदीची लगड टाकसाळीत द्यावी आणि शुल्क वजा जाता रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. पण वीस वर्षांत चांदी एवढी उतरली, की दोन शिलिंगांच्या आसपास असणारा रुपया पंधरा पेन्सांच्याही खाली आला. याची दोन कारणं आपल्याकडच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हटकून सापडतात : जर्मनीने सोन्याचं चलन स्वीकारलं आणि अमेरिकेतल्या नेवाडात चांदीचं घबाड लागलं. पहिल्या कारणावर पानंच्या पानं असतात. दुसरं अर्ध्या वाक्यात संपतं. ती चांदी खणली कुणी, हा प्रश्न मला त्या अर्ध्या वाक्यामुळे पडला.

कॉमस्टॉकची शिर सापडली १८५९मध्ये. सोनं धुणाऱ्यांना एका चिकट निळसर-काळ्या चिखलाचा वैताग आला होता. तो कॅलिफोर्नियात तपासून घेतला, तेव्हा ती चांदी निघाली. मग सहा हजार फुटांहून उंच, उजाड डोंगरउतारावर व्हर्जिनिया सिटी वसली. खाली खनिजाचा पट्टा इतका रुंद आणि भुसभुशीत, की साधे टेकू लावून छत टिकेना. फिलिप डाइडेसहायमर या जर्मन अभियंत्याने १८६०मध्ये लाकडाच्या चौकटी एकमेकींत अडकवून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सांगाडा उभा करण्याची युक्ती काढली. त्यापायी सिएरा नेवाडाच्या उतारांवरची जंगलं तुटली आणि जमिनीखाली जाऊन उभी राहिली. या लाकडाबद्दल पुढे पुन्हा सांगायचं आहे.

खाण जसजशी खोल गेली, तसतशी तापत गेली. सत्तरच्या दशकात खालच्या थरांत ११० अंश फॅरनहाइट ही नेहमीची गोष्ट होती. ‘यलो जॅकेट’ खाणीत तीन हजार फुटांवर लागलेलं पाणी १७० अंशांचं होतं. त्यात पाय पडला तर कातडी सोलून निघे. माणसं कमरेपुरतं वस्त्र आणि जाड तळव्यांचे बूट एवढ्यावर काम करत. काही ठिकाणी पंधरा मिनिटं घण मारायचा आणि मग गार हवेच्या नळाखाली जाऊन बसायचं. बर्फ वरून गाड्यांनी खाली येई. एलियट लॉर्ड यांनी अमेरिकी भूगर्भ खात्यासाठी १८८३मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या बर्फाचा हिशेबही आहे. तो वाचताना मला आधी हसू आलं, नंतर नाही. खरा धोका पाळी संपल्यावर असे. पिंजरा वर येऊ लागला की गार हवा लागून माणसाला भोवळ येई आणि तोल गेला तर तो सरळ शाफ्टमध्ये पडे. सुखरूप वर आलेल्याला घामेजल्या अंगाने डोंगरावरच्या हिवाळ्यात घरी जावं लागे. न्यूमोनिया ठरलेला.

आता ते लाकूड. ७ एप्रिल १८६९च्या सकाळी यलो जॅकेटमध्ये आठशे फुटांच्या थराला आग लागली. दिवसपाळी उतरत होती. शेजारच्या ‘केंटक’ आणि ‘क्राउन पॉइंट’ या खाणी आतून जोडलेल्या होत्या, त्यामुळे धूर तिघींत भरला. क्राउन पॉइंटच्या हजार फुटांवर माणसं अडकल्याचं कळल्यावर वरच्यांनी पिंजऱ्यातून पेटता कंदील आणि पुठ्ठ्यावर लिहिलेला निरोप खाली सोडला : आग आटोक्यात येते आहे, आत्ता वर येऊ नका, जिवंत असाल तर चार अक्षरं लिहून पाठवा. उत्तर आलं नाही. निदान पस्तीस माणसं गेली. काही प्रेतं आत असतानाच शाफ्टची तोंडं बुजवावी लागली, कारण हवा मिळाली की लाकूड पुन्हा पेटत होतं.

तरीही माणसं उतरत राहिली, याचं कारण मजुरी. दिवसाला चार डॉलर. त्या काळी खाणकामगाराला एवढे पैसे जगात क्वचितच कुठे मिळत. ते मालकांनी आपणहून दिलेले नव्हते. मंदी आली की साडेतीनावर आणण्याचे प्रयत्न झाले, पहिली संघटना मोडली, ती १८६७मध्ये पुन्हा उभी राहिली. तिचा नियम साधा होता : जमिनीखाली जो उतरेल त्याला चार डॉलर, मग तो कसलेला सुरुंगवाला असो की ढकलगाडीवाला. आयर्लंडचे आणि कॉर्नवॉलचे कामगार, ज्यांचं एरवी आपसांत फारसं जमत नसे, ते या एका आकड्यावर एक झाले. मला हा नियम मोठा वाटतो. पण चिन्यांना त्यात जागा नव्हती. १८६९च्या सप्टेंबरात याच संघटनेचे शेकडो कामगार रांगा धरून चालत गेले आणि रेल्वेचा रस्ता बांधणाऱ्या चिनी मजुरांना त्यांनी पिटाळून लावलं. आगीला अजून सहा महिनेही झाले नव्हते. ज्यांच्याबद्दल इतका वेळ जीव तुटत होता, त्यांची ही नोंद वाचून मी काही दिवस हे काम बाजूला ठेवलं होतं.

त्याच महिन्यात अडॉल्फ सुट्रो नावाचा उद्योजक त्यांच्यासमोर उभा राहिला. डोंगराच्या पायथ्यापासून खाणींपर्यंत जवळजवळ चार मैलांचा बोगदा काढायचा, म्हणजे गरम पाणी वाहून जाईल, हवा खेळेल आणि आग लागली तर सुटायला वाट राहील, असं तो सांगत होता. बँक आणि खाणमालक विरोधात होते. कामगार संघटनेने पन्नास हजार डॉलरच्या शेअरची हमी दिली आणि ऑक्टोबरात पहिली कुदळ पडली.

बोगदा खाणीला भिडला जुलै १८७८मध्ये. १८७३चं मोठं घबाड तोवर बरंचसं उपसून झालं होतं आणि माणसं दुसऱ्या खाणींच्या वाटेला लागली होती. सुट्रोने लवकरच आपले शेअर विकले. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर झाला.