लाल चेहरा आणि एक आम्ल

इतिहास म्हटला की लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. माणसाच्या कातडीलाही इतिहास असतो, आणि त्यात न्याय-अन्यायही येतो. त्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

गाल व नाक लाल होते, त्यावर पुळ्या उठतात, आग होते. या रोगास डॉक्टर ‘रोझेशिया’ म्हणतात. काहींचा रोग मद्याने उफाळतो हे खरे. पण ऊन, भट्टीची धग आणि तिखट यांनीही तो उफाळतो, व थेंबभरही न घेणाऱ्यास होतो. तरी युरोपात लाल नाक ही दारुड्याचीच खूण ठरली. शेक्सपिअरच्या नाटकांत बार्डोल्फच्या नाकावर यथेच्छ थट्टा आहे. उलट १४९०च्या सुमारास गिर्लांदायोने गाठाळलेल्या नाकाचा एक म्हातारा रंगविला. त्याच्याकडे नातू प्रेमाने पाहत आहे. हे चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे.

आम्हांला तो नातू आठवतो, कारण केवळ तोंड पाहून ‘पिऊन आला’ असे ठरवून फाटकावरून परत पाठविलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच. वर नाव खराब झाले ते निराळे.

आता औषधाची कथा. आपल्याकडे पाठीवर फिकट डाग पडतात, त्यांना शिबे म्हणतात. ते एका बुरशीने होतात. तेथला रंग का उडतो, याचा शोध मार्चेल्ला नाझारो-पोरो आणि सिरो पास्सी हे इटालियन संशोधक घेत होते. कातडीचा रंग घडविण्याचे काम रोखणारी आम्ले त्यांना त्या बुरशीत सापडली. १९७८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांतलेच एक अ‍ॅझेलाइक आम्ल. गहू आणि बार्लीतही ते असते. प्रथम ते वांगावर लावून पाहिले, तो मुरुमही कमी झाले! १९८३ साली मुरुमांवरील १५ टक्क्यांच्या मलमाचा निबंध आला. अमेरिकेत १९९५ साली मुरुमांसाठी २० टक्क्यांच्या मलमास आणि २००२ साली रोझेशियासाठी १५ टक्क्यांच्या जेलला मान्यता मिळाली.

हे आम्ल कातडीतला दाह शमविते. पुळ्या कमी होतात; फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची लाली मात्र पुष्कळदा राहते. आरंभी चुरचुरते, आणि गुण यायला आठवडे लागतात. येथेच माणसाचा धीर सुटतो व तो दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणतो. चार दिवस चेहरा स्वच्छ दिसतो. मग तोच रोग दुप्पट जोराने उलटतो. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून रोझेशिया मुरुमांत खपून जातो. तेव्हा आधी कातडीच्या डॉक्टरला दाखवावे, हे बरे.

औषध निघाले, चेहऱ्यावरून माणसाचे वर्तन ठरविण्याची खोड अजून गेलेली नाही. तिच्यावर मलम नाही. उद्या कुणा लाल तोंडाच्या माणसाविषयी फाटकावर कुजबुज झाली, तर ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे हटकावे, एवढीच आमची विनंती आहे.